रवंथ सुरू झाल्याशिवाय सुई नाही

आमच्या ॲनिमल हाउसचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. सुई लावण्याआधी बकरीच्या मानेवरचे केस कातरावे लागतात. ते रोज थोडे थोडे कोपऱ्यात साचतात आणि एके दिवशी झाडू अडकला की कळतं, अरे, ढीग झाला! किस्स्यांचंही तसंच. मी रिटायर होऊन समुद्रपूरला घरी बसले तरी कुणी ना कुणी येतं आणि म्हणतं, "सुनंदाबाई, तो डुकराचा किस्सा सांगा ना." डुकराचा सगळ्यांना हवा असतो. त्याच्या पुढचे कुणाला नको असतात.

आज मी सगळे सांगणार आहे. यातल्या बहुतेक किस्स्यांत शेवटी जनावर मरतं, आणि शेवटच्या किस्स्यात सुईखाली जनावर नाही, आमचा माणूस आहे. ज्याला चहा घ्यायचाय त्यानं आत्ताच घेऊन टाकावा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वर्धा जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजात मी लॅब टेक्निशियन होते. कॉलेजच्या मागे प्रयोगाची जनावरं ठेवायचं, टिनाचं छत असलेलं ॲनिमल हाउस, आणि त्यात आम्ही तिघं. एक डॉ. लिमये, रक्तवाहिन्यांचे सर्जन, पुण्याचे. दुसरे नामदेवराव, अटेंडंट, रोज पवनारहून सायकलनं यायचे. तिसरी मी. काम होतं मोठ्या जनावरांच्या शिरेत शिरायचे रस्ते शोधायचं. कागदावर त्याला दीड ओळीचं इंग्रजी नाव होतं. नामदेवराव त्याला "शीर धरणं" म्हणायचे.

*

लिमये सर नवीन आले तेव्हा त्यांच्यासोबत एक जाडजूड पुस्तक होतं आणि त्यात बकरीच्या मानेचं रंगीत चित्र होतं. श्वासनळी इथे, शीर तिथे, तिच्याखाली धमनी. सरांनी ते पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं, मी स्पिरिट लावलं, नामदेवरावांनी बकरी धरली.

पहिला टोचा, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला बकरीनं मान झटकली आणि सुई वाकली. चौथ्याला सिरिंजमध्ये रक्त आलं, सरांचा चेहरा खुलला, पण रक्त लालभडक होतं आणि उसळ्या मारत येत होतं. शिरेऐवजी धमनी लागली होती. पंधरा मिनिटं आम्ही तिची मान दाबून उभे!

"शीर गेली कुठे?" सर म्हणाले. "आत्ता तर बोटाला लागत होती."

"बकरी भेली ना सर," नामदेवराव म्हणाले. "भेली का शीर आत जाते. तिले बसू द्या, रवंथ करू द्या. रवंथ चालू झाली का मंग टोचा."

"हे पुस्तकात कुठे लिहिलंय?"

"बुकातली बकरी भेत नाई, सर."

सर चिडले, हातमोजे फेकून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र आले आणि स्टूल ओढून बकरीसमोर बसले. मोठा सर्जन, पांढरा कोट, आणि समोर बकरी. अर्धा तास दोघं एकमेकांकडे बघत होते. मग बकरीच्या घशातून एक गोळा वर आला आणि तिचा जबडा सावकाश हलायला लागला. नामदेवरावांनी अंगठ्यानं मानेची खाच दाबली, शीर बोटासारखी वर आली, आणि सरांची सुई पहिल्या टोच्यात आत गेली.

सरांनी हे प्रयोगाच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे नियमांच्या कागदात घातलं. मीच टाइप केलं ते. प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या कमिटीकडून लेखी विचारणा आली, की रवंथ सुरू होण्यास किती मिनिटे लागतात ते नमूद करावे. सरांनी कागद नामदेवरावांना वाचून दाखवला.

नामदेवराव म्हणाले, "कमिटीले म्हणा, हे बकरीले इचारा."

*

जनावरांना कागदावर नंबर असायचे, पण नामदेवराव नंबर कधी बोलले नाहीत. आमच्याकडे गावात सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात, तशी ते बकऱ्यांना मारायचे. जी अल्लीपूरहून आणली ती अल्लीपूरवाली. जी सेलूहून आणली ती सेलूवाली. समुद्रपूरची एक आणली होती, पण मीही समुद्रपूरची, म्हणून मी साफ सांगितलं की तिला दुसरं काहीही म्हणा. नामदेवराव मग तिला "बाईच्या गावची" म्हणायला लागले. हे जास्त वाईट झालं.

लक्षात ठेवा हे. पुढे लागणार आहे.

*

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते मला दोन वर्षांनी कळलं.

हिंगणघाटकडच्या एक शिक्षिका सरांच्या पेशंट होत्या. किडन्या गेलेल्या. दर दोन-तीन दिवसांनी मशीनवर रक्त धुवून घ्यायचं, आणि त्यासाठी दरवेळी शीर हवी. सुया खाऊन खाऊन त्यांच्या हातांच्या शिरा दोऱ्यासारख्या कडक झाल्या होत्या. त्या दिवशी शिरा धुंडाळायला सरांनी मला हाताखाली बोलावलं होतं. डावा हात पाहिला, उजवा पाहिला, पाय पाहिले. बाई शांत होत्या. म्हणाल्या, "सर, गळ्यात पाहा. थांबा, मंगळसूत्र काढते." गळ्यातही दोन्हीकडे आधीच्या नळ्यांनी शीर बंद झालेली.

त्या चौथ्या दिवशी गेल्या. सर वॉर्डातून थेट ॲनिमल हाउसला आले आणि बकऱ्यांच्या दावणीशी बसले.

"मशीन आहे," सर म्हणाले. "रक्त आहे. वीज आहे. आत जायला दार नाही म्हणून बाई मेली."

नामदेवरावांनी त्यांच्यापुढे पाण्याचा लोटा ठेवला. मला त्या दिवशी सर पहिल्यांदा आवडले.

*

दार करायची एक पद्धत आहे. धमनी आणि शीर एकमेकींना जोडून टाकायच्या. धमनीचा जोर शिरेत येतो, शीर फुगते, जाड होते, मग तिला वर्षानुवर्षं सुया टोचा. डॉक्टर तिला फिस्टुला म्हणतात. माणसांत ते चालतं, पण कधी कधी गुठळी होऊन बंद पडतं, आणि का पडतं ते पाहायला आमच्या बकऱ्या.

अल्लीपूरवालीच्या मानेत सरांनी पहिली जोडणी केली. दुसऱ्या दिवशी नामदेवरावांनी तिथे बोट ठेवलं आणि मला बोलावलं. "बाई, हात लावून पाहा." कातडीखाली घरघर लागत होती. जोरात वाहणारं रक्त, दुसरं काय. पण नामदेवराव म्हणाले, "चक्की चालू हाय."

मग रोज सकाळी तेच. सर आले की विचारायचे, "चक्की?" आणि नामदेवराव मान डोलवायचे. पुण्याचा माणूस चक्की म्हणायला लागला, हे आमचं संशोधनातलं पहिलं यश!

सहा महिने चक्की चालली. पण अभ्यास म्हटला की शेवटी शीर कापून आतून पाहावी लागते, आणि त्यासाठी जनावर संपवावं लागतं. त्या दिवशी सर औषध भरून तयार होते. नामदेवराव अल्लीपूरवालीची मान मांडीवर घेऊन बसले आणि बसूनच राहिले. सरांनी घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"नामदेवराव, आजही?"

"काऊन? आज का नियम बदलला?"

"अहो, ऑपरेशनला माझी वाट पाहताहेत."

"तिले काई घाई नाई, सर. तुमालेच हाय."

वीस मिनिटांनी अल्लीपूरवाली रवंथ करायला लागली. ती करत असतानाच सरांनी सुई दिली, आणि जबडा हलता हलता थांबला. तिला कळलंसुद्धा नसेल. मी रजिस्टर घेऊन बाहेर जाऊन उभी राहिले. मला रडू येत होतं आणि नामदेवरावांचा रागही येत होता, की इतक्या प्रेमानं हे काम करता येतं हे त्यांनी मला का दाखवलं.

*

आता तो डुकराचा.

सरांनी कुठेतरी वाचलं की डुकराच्या रक्तवाहिन्या माणसाच्या जवळ जातात. डुक्कर आलं. त्याची शीर कानामागे असते. तिच्यात सुई बसवली, नळी लावली, चिकटपट्टीनं कान गुंडाळला, आणि डुकरानं टेबलासकट उडी मारली! नळी, सलाईनची बाटली, सगळं घेऊन ते कॉलेजच्या मुख्य इमारतीत. तिथे तपासणीला बाहेरून आलेली तीन मोठी मंडळी डीनसाहेबांसोबत पायऱ्या चढत होती. एकानं विचारलं, "हे काय आहे?" डीनसाहेब म्हणाले, "आमचा पेशंट नाही."

लोकांना किस्सा इथपर्यंतच हवा असतो. पण संध्याकाळी डुक्कर सापडलं, पुन्हा बांधलं, आणि सरांनी विचारलं, "नामदेवराव, हे रवंथ करत नाही. मग याला कधी टोचायचं?"

नामदेवराव डुकराच्या कानावरची पट्टी सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, "माणसावाणी, सर. फसवून."

सर हसले नाहीत. मीही नाही.

*

एका पावसाळ्यात मी बारा बकऱ्यांच्या रक्ताचे नमुने तपासायला लावले. रिपोर्ट आले तेव्हा ट्यूबा तेरा होत्या. तेराव्या ट्यूबवर माझ्या अक्षरात नाही, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेली चिकटपट्टी होती. "पवनारवाली."

रिपोर्ट पाहून सर खुर्चीतून उठले. "क्रिएटिनीन बघा हिचं. युरिया बघा. ही बकरी उभी कशी आहे? हिच्या किडन्या संपल्या आहेत. चला, दाखवा मला."

आम्ही दावणीला गेलो. अल्लीपूरवालीनंतरची दुसरी अल्लीपूरवाली, सेलूवाली, बाईच्या गावची, सगळ्या मजेत पाला खात होत्या. मी रजिस्टर काढलं. पवनारहून आम्ही एकही बकरी कधी आणली नव्हती.

पवनारहून आमच्याकडे एकच जण यायचं. ते कोपऱ्यात पाठमोरे उभे राहून झाडत होते. झाडलेलंच पुन्हा झाडत होते. तेव्हा मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. चपलेचे पट्टे सुजलेल्या पायांत रुतले होते.

"नामदेवभाऊ," मी म्हटलं, "हे रक्त कोणं काढलं?"

"मीच. डाव्या हाताचं."

"आन् सांगतलं काऊन नाई?"

"दवाखान्यात केस पेपर काढला का माणूस पेशंट होते, बाई. बकरीचं कसं, नुसता रिपोर्ट येते."

कमरेच्या दुखण्यासाठी ते किती वर्षं गोळ्या खात होते, आणि त्या गोळ्यांनीच किडन्या संपवल्या, ते मग कळलं. गोळ्या ते सायकलच्या पिशवीत ठेवायचे, शेंगदाण्यांसोबत. मी रोज त्यातले शेंगदाणे खाल्लेत आणि गोळ्यांबद्दल एकदाही विचारलं नाही. त्याची बोच अजून आहे.

*

सरांनी नामदेवरावांच्या डाव्या मनगटावर फिस्टुला केला. आमच्या बकऱ्यांवर जे शिकले ते सगळं त्यात ओतलं. सर टाके घालत होते आणि नामदेवराव टेबलावर पडल्या पडल्या मला सांगत होते की सेलूवालीला चारा कमी टाक, तिचं पोट फुगलं आहे.

चक्की सुरू झाली. डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा मशीन, बाकीचे दिवस ॲनिमल हाउस. हलकं काम म्हणून सरांनी त्यांना ठेवून घेतलं होतं. आता सकाळी उलटी तऱ्हा. नामदेवराव आले की सर त्यांच्या मनगटावर बोट ठेवायचे आणि नामदेवराव विचारायचे, "काय सर? चालू हाय का?" त्यांची बायको कमलाबाई एकदा डबा घेऊन आल्या, तर मला हळूच म्हणाल्या, "बाई, हे झोपले का मी हातावर कान ठेवून आयकतो. घरघर आली का मंग मले झोप येते."

सरांनी बजावलं होतं, त्या हातानं ओझं नाही, त्या हातावर दाब नाही. ही चक्की बंद पडली तर दुसरी करायला शीर उरलेली नाही. उजव्या हाताच्या सगळ्या सलाईननं खराब झाल्या होत्या.

दोन वर्षं चालली. आणि मग तो मेंढा.

मेंढा माझ्याच हट्टानं आणला होता, बकऱ्यांपेक्षा मोठी मान, मोठी शीर. मी त्याच्या मानेचे केस कातरत होते. तो मागे सरला आणि डोकं खाली घालून माझ्यावर आला. माझ्या मागे भिंत. नामदेवराव दारात होते. त्यांनी धावत येऊन त्याच्या मानेला मिठी मारली, डाव्या हाताची, कारण आयुष्यभर त्याच हातानं जनावर धरलं होतं. मेंढा थांबला. मला खरचटलंसुद्धा नाही.

"भाऊ, हात!" मी ओरडले.

"काई नाई झालं," ते म्हणाले. "तू त्याचे केस काप. आता तो उभा राह्यते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मनगटावर बोट ठेवलं. मग दुसरं बोट ठेवलं. मग स्टेथोस्कोप लावला. चक्की बंद. सरांनी पुन्हा ऑपरेशन केलं, गुठळी काढली, तिसऱ्या दिवशी ती परत झाली. लोक मला सांगतात, मेंढ्याचा दोष. मेंढा मी आणला होता.

*

त्यानंतर एकच दार उरलं, गळ्याच्या शिरेतल्या नळीचं. डावी बाजू दीड महिना चालली आणि पिकली. उजवी राहिली होती.

त्या दिवशी दुपारी नामदेवरावांना आणलं तेव्हा त्यांना आडवं होता येत नव्हतं. अंगात पाणी भरलेलं, श्वास वर लागलेला. मशीन पलंगाशी आणून सुरू करून ठेवलं होतं. कमलाबाई दाराबाहेर खाली बसल्या होत्या, आणि ज्याला त्याला विचारत होत्या, "लागली का?"

वॉर्डातल्या डॉक्टरांनी दोनदा प्रयत्न केला होता. शीर लागत नव्हती. सर आले. मला म्हणाले, "सुनंदाबाई, डोकं तुम्ही धरा." नर्सनं माझ्याकडे पाहिलं, कारण मी जनावरांची टेक्निशियन. मी उशामागे उभी राहिले, नामदेवरावांची मान डावीकडे वळवली आणि माझा उजवा तळवा त्यांच्या जबड्याखाली ठेवला. बकरीच्या ठेवतात तसा. मला दुसरं येतच नव्हतं.

सरांनी सुई घातली. काही नाही. नामदेवरावांचं अंग आखडलं, मानेच्या दोऱ्या ताणल्या गेल्या, आणि जी थोडी शीर दिसत होती तीही आत गेली.

सरांनी सुई बाहेर काढली, कापूस दाबला. कितीतरी वर्षांत मी त्यांचा टोचा चुकलेला पाहिला नव्हता. त्यांनी दुसरी सुई घेतली, ट्रेमध्ये ठेवली, पुन्हा घेतली.

"सर," नामदेवराव म्हणाले. एकेका शब्दाला श्वास लागत होता. "बसा ना."

"नामदेवराव, वेळ नाही आपल्याकडे."

"बसा."

नर्सनं स्टूल सरकवलं. लिमये सर सुई हातात धरून त्यांच्यासमोर बसले. मशीन चालू होतं. बाहेरून कमलाबाईंनी पुन्हा विचारलं, लागली का. नामदेवराव सरांकडे बघत होते, सर त्यांच्याकडे. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. खांदे आधी सैल झाले. मग मानेच्या दोऱ्या उतरल्या.

माझा तळवा त्यांच्या जबड्याखाली होता, म्हणून ते मला सगळ्यांच्या आधी कळलं. सकाळपासून त्यांच्या पोटात घोटभर चहाखेरीज काही गेलं नव्हतं, तोंड रिकामं होतं. आणि जबडा सावकाश हलायला लागला होता.